सुपडूनानांचा चार पानी रिपोर्ट

सुपडूनाना जमादार एखाद्याच्या वर्तणुकीच्या चौकशीला निघाले, की त्या माणसाच्या गल्लीतलं पाणी पीत नसत. नुसतं त्याच्या घरचं नव्हे, अख्ख्या गल्लीतलं. सायकलच्या दांडीला पितळेचा फिरकीचा तांब्या लटकवलेला आणि मागे कॅरिअरला घोंगडीचा चौकोनी तुकडा. उमेदवाराच्या ओट्यावर बसायचं नाही. समोरच्याच्या दारापुढे घोंगडी टाकायची आणि तिथून, रस्त्याच्या पलीकडून, मोठ्यानं प्रश्न विचारायचे. सावलीसुद्धा उमेदवाराची घ्यायची नाही असा त्यांचा दंडक होता.

जळगावचा मे महिना ज्यानं अंगावर काढला आहे त्याला ही काय गंमत आहे ते सांगायला नको. एकदा ऐन दुपारी त्यांचा तांब्या रिकामा झाला आणि घेरी आली. उमेदवाराची आई बिचारी लोटाभर पाणी घेऊन धावली. नानांनी तिला हातानंच थांबवलं, भिंतीला धरून उठले, गल्लीच्या तोंडाबाहेर गेले, मोठ्या रस्त्यावरच्या पाणपोईत ओंजळ धरून पोटभर पाणी प्यायले आणि परत येऊन घोंगडीवर बसत म्हणाले, "हां, तर माय, तुना पोऱ्या रातले घर कव्हय येस?" मी त्यांना एकदा विचारलं होतं, नाना, घोटभर पाण्यानं काय बिघडतं? तर म्हणाले, "पानी पिधं म्हंजे मीठ खाधं. मंग लिखाना हात जड व्हस."

मी हे थट्टेनं सांगतो आहे, कारण सुपडूनानांची गोष्ट थट्टेशिवाय सांगताच येत नाही. पण हा माणूस आमचा शेजारी होता आणि मला त्याचा अभिमान आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी मोकळा.

तेव्हा स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. नवी सरकारी खाती निघत होती, पोरं मॅट्रिक होऊन अर्ज करत होती. त्यातल्या काही जागा जोखमीच्या असत. बिनतारी खातं, तिजोरी, दारूगोळ्याचा कारखाना. अशा जागेवर घेण्याआधी वरून एक छापील फॉर्म पोलिसांकडे यायचा. अर्जदाराची वर्तणूक कशी आहे, तो कर्जबाजारी आहे काय, दारू पितो काय, जुगार खेळतो काय, त्याच्यावर विश्वास टाकता येईल काय. आमच्या बाजूचे असले सगळे फॉर्म नानांकडे येत. दुसऱ्या गावी म्हणे जमादार उमेदवारालाच बोलावून घेत, त्याच्या पैशानं चहा पीत आणि 'चौकशीअंती वर्तणूक समाधानकारक' अशी एक ओळ लिहून मोकळे होत. नानांना एका फॉर्मला दहा-बारा दिवस लागत.

फॉर्मवर लिहिलेलं असे, की दोन प्रतिष्ठित गृहस्थांकडे चौकशी करावी. नानांचा प्रतिष्ठित गृहस्थांवर काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणत, प्रतिष्ठित माणसाला दुसऱ्याविषयी काही ठाऊक नसतं, त्याला स्वतःचंच पुरतं. नानांचे साक्षीदार ठरलेले होते. न्हावी, धोबी, किराणा दुकानदार आणि कासार. माणूस कुणाबरोबर बसतो-उठतो ते न्हाव्याला ठाऊक, कुठे जाऊन येतो ते धोब्याला, खिशात काय आहे ते किराणावाल्याला. आणि कासार कशाला, असं कुणी विचारलं तर नाना सायकलवर टांग टाकत.

ते मला पुढे कळलं. दारूगोळ्याच्या कोठारासाठी भडगावकडचा एक उमेदवार होता. शिकलेला, देवभोळा, वकिलाचं आणि डॉक्टराचं शिफारसपत्र जोडलेलं. न्हावी चांगलं बोलला, किराणावाला चांगलं बोलला. कासार मात्र म्हणाला, यांच्या घरी महिन्याला बांगड्या भरायला जातो. बाईच्या डाव्या हातातल्याच फुटतात. नानांनी रिपोर्टात लिहिलं, 'उमेदवाराच्या पत्नीच्या डाव्या हातातील बांगड्या दरमहा फुटतात. जो घरात असा आहे तो कोठारात कसा असेल याचा वरिष्ठांनी विचार करावा.' त्यावरून कचेरीत नानांना बरेच दिवस 'बांगडी जमादार' म्हणत. नानांनी ते नावही मुकाट्यानं वागवलं.

पैशाच्या बाबतीतही त्यांचं शास्त्र वेगळं होतं. कर्ज असलं म्हणून माणूस वाईट, असं ते मानत नसत. आमच्या भागात कर्ज कुणाला नव्हतं? नाना बघायचे ते एवढंच, की विचारायच्या आधी सांगतो का विचारल्यावर टाळतो. "ज्याले काही दपाडनं शे, त्याले कोनी बी दाबू शकस," असं ते म्हणत. ज्याच्याकडे लपवायला काही आहे त्याला कुणीही दाबू शकतो. शत्रूचा माणूस उद्या आला तर तो श्रीमंताकडे जाणार नाही की गरिबाकडे जाणार नाही, झाकणाऱ्याकडे जाईल. मॅट्रिकची पायरी न चढलेल्या या माणसानं हे कुठे वाचलं असेल असं मला वाटत नाही.

आणि बोलण्याचा शेवट नेहमी एकच. "जे शे ते शे." म्हणजे जे आहे ते आहे. भाव वाढले, जे शे ते शे. पोरगा नापास झाला, जे शे ते शे. लग्नघरी गेले आणि कुणी विचारलं, नाना, नवरी कशी आहे, तरी जे शे ते शे. त्यामुळे नानांना लग्नाला बोलवायला लोक जरा बिचकत.

केळीच्या घडाची गोष्ट तर आमच्या गल्लीत पोरासोरांना पाठ होती. एका बागाईतदाराच्या मुलाची चौकशी चालू होती. नाना कामावर गेलेले असताना बागाईतदाराचा गडी येऊन नानांच्या ओट्यावर केळीचा एक मोठा घड ठेवून गेला. नाना येईपर्यंत आम्ही त्यातली चार केळी खाल्ली. आम्ही म्हणजे मी धरून तिघं, आणि मी काही लहान नव्हतो, मॅट्रिकला बसलो होतो. नाना आले, त्यांनी घड पाहिला, तुटलेल्या जागा मोजल्या, आमची तोंडं पाहिली. दुसऱ्या दिवशी पहाटे घड सायकलला बांधला आणि चौदा मैल दामटत बागाईतदाराच्या दारात नेऊन ठेवला. वर चार केळ्यांचे पैसे दिले आणि पावतीवर त्याचा अंगठा घेतला. मुलगा तसा गुणी होता. नानांनी तसं लिहिलंही. 'मुलगा चांगला. बाप लाघवी.' मुलाला नोकरी लागली.

अशा माणसाच्या शेजारी आम्ही राहत होतो. नाना घरात एकटेच. रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसत, आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि भरीत खात, आबांशी गप्पा मारत. आबा म्हणजे माझे वडील. ते जिनिंग प्रेसमध्ये तोलार होते. मूळ पाचोऱ्याकडचे. वीस वर्षं कापसाच्या धुळीत काढून त्यांची छाती भरून गेली होती. रात्री खोकला लागला की उशीला टेकून बसूनच राहायचे. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, जिन सोडा. पण जिन सोडून खायचं काय?

म्हणून मला जेव्हा दारूगोळ्याच्या कारखान्यात, कोठाराचा कारकून म्हणून निवडलं, तेव्हा आमच्या घरात आनंदापेक्षा सुटल्यासारखं जास्त झालं. मला नोकरी लागली की आबा घरी बसणार होते. एवढाच हिशेब होता आणि तो सगळ्यांना पाठ होता. मध्ये फक्त तो वर्तणुकीचा फॉर्म. तो फॉर्म नानांकडे आला असं कळलं तेव्हा आईनं देवापुढे साखर ठेवली. घरचाच माणूस, आता काय काळजी.

त्याच संध्याकाळी नाना आमच्या ओट्यावर आले नाहीत.

आईनं माझ्या धाकट्या बहिणीच्या, यमूच्या हाती भरीत-भाकरी पाठवली. यमू ताट तसंच घेऊन परत आली. म्हणाली, नाना म्हणतात चौकशी चालू आहे. बरं, उमेदवाराच्या गल्लीतलं पाणी प्यायचं नाही हा नियम. आणि नाना राहत होते उमेदवाराच्याच गल्लीत. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरचा माठ त्यांना बंद झाला. अकरा दिवस हा माणूस पलीकडच्या गल्लीतल्या नळावरून खांद्यावर घागर वाहून आणत होता. वाटेत मी भेटलो तर मान वळवत नसे. आम्ही पोरं हसून हसून लोळायचो. आबा म्हणायचे, हसू नका, असा माणूस आहे म्हणून राज्य चाललंय.

अकराव्या दिवशी नानांनी समोरच्यांच्या दारापुढे घोंगडी टाकली आणि रस्त्यापलीकडून आबांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. जणू पहिल्यांदाच बघत होते. नाव काय, धंदा काय, मुलगा किती शिकला. सगळी गल्ली ओट्याओट्यांवर येऊन बसली. दारूचं विचारलं, आबांनी नाही म्हणून सांगितलं. देण्याचं विचारायच्या आत मीच ओरडून सांगितलं, चहावाल्याचे साडेपाच आणे. मग नानांनी कागदावर बोट ठेवलं आणि विचारलं, "पोऱ्या पत्ता खेयस का?"

इथे आमच्या खानदेशाबाहेरच्या वाचकासाठी थांबायला हवं. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो, आणि दिवाळीपेक्षा तिचा मान मोठा. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. आणि पुरुषमाणसं त्या दिवशी पैसे लावून पत्ते खेळतात. म्हातारे, तरणे, पाटील, मास्तर, झाडून सगळे, उघड्यावर, सतरंजी टाकून. एरवी वर्षभर जो पत्त्याला शिवत नाही तोही. त्याला आमच्याकडे कुणी जुगार म्हणत नाही. आखाजी म्हणतात. जो जिंकेल त्याचं वर्षभर कौतुक.

तेव्हा नानांचा प्रश्न ऐकून आबांना रागच आला. आपल्या मुलाच्या गुणाविषयी कुणी शंका घ्यावी?

"खेयस का म्हंजे?" आबा म्हणाले. "मांगली आखाजीले बठ्ठी गल्लीना खिसा खाली कया त्यानी. असा हात मना बी नही, मना बापना बी नव्हता."

झालं. गल्लीला तेवढंच पाहिजे होतं. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, माझे चौदा आणे गेले. मास्तर म्हणाले, माझा सव्वा रुपया. प्रत्येकजण आपण किती हरलो ते अभिमानानं सांगत होता आणि आई पदर तोंडाला लावून कौतुकानं हसत होती. मीसुद्धा, खोटं कशाला बोलू, जरा छाती पुढे काढून उभा होतो. नाना लिहीत होते. लिहून झालं, त्यांनी घोंगडी झटकली आणि गेले.

रात्री अंथरुणावर पडल्यावर मला त्या फॉर्ममधला प्रश्न आठवला. 'जुगार खेळतो काय.' दारूगोळ्याच्या कोठाराच्या किल्ल्या कुणी जुगाऱ्याच्या हाती देतं का?

सकाळी उठून मी नानांच्या दारात गेलो. काय लिहिलं, विचारलं. ते दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, खेळतो असं लिहिलं. मी म्हटलं, नाना, आखाजी होती ती. ते म्हणाले, सदा, खेळलास की नाही? मी म्हटलं, खेळलो. "मंग? जे शे ते शे."

घरात सुतक आल्यासारखं झालं. आबांनी आयुष्यात कुणापुढे हात पसरला नव्हता. ते त्या दिवशी नानांकडे गेले, तेवढी ओळ खोडा म्हणून. मी दाराआडून पाहत होतो. मग त्या सहा फुटी जमादारानं वाकून आमच्या आबांच्या पायांना हात लावला. पण ओळ खोडली नाही. आबा परत आले, खुंटीवरची टोपी घेतली आणि खोकत खोकत जिनमध्ये कामावर गेले.

त्यानंतर मी नानांशी बोलणं सोडलं. नुसतं सोडलं नाही, त्यांच्या दारावरून जाताना मुद्दाम शीळ घालत जायचो, जणू मला कशाचीच पर्वा नाही. वय तेव्हा वीस. त्या वयात माणूस जेवढा नीच वागू शकतो तेवढा मी वागलो. नाना ओट्यावर बसलेले असले तर उठून आत जायचे.

महिन्याभरानं कारखान्यातून बोलावणं आलं. नकार टपालानं देतात, बोलावून कशाला देतील, एवढाच काय तो धीर. तिथे सुरक्षेचं काम बघणारे एक साहेब होते, लष्करातून आलेले, साताऱ्याकडचे, कल्लेदार मिशांचे. त्यांच्यापुढे नानांचा रिपोर्ट होता. फॉर्म होता एक पानाचा आणि त्याला टाचलेले चार कागद, दोन्ही बाजूंनी नाही, एका बाजूनं, टाकानं लिहिलेले. मी ते अक्षर लगेच ओळखलं.

खरं तर असले कागद उमेदवाराला दाखवायचे नसतात. पण साहेबांना तो रिपोर्ट वाचून कुणाला तरी ऐकवल्याशिवाय राहवत नव्हतं, असं दिसलं. आधी त्यांनी मला विचारलं, अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर भरतात, तुमच्याकडे जुगार खेळतात हे खरं का? मी म्हटलं, घागर आम्हीही भरतो. मग खेळतो. ते म्हणाले, ऐक आता.

ते वाचू लागले. 'कर्जबाजारी आहे काय. उत्तर: चहावाल्याचे साडेपाच आणे देणे आहे. विचारण्याआधी स्वतः सांगितले. लपविलेले देणे नाही. चोरीची सवय आहे काय. उत्तर: पूर्वी एकदा खाली सही करणार याच्या ओट्यावरील चार केळी तिघांनी मिळून खाल्ली. पैकी उमेदवाराची दोन असावीत.' इथे साहेब थांबले, मिशी पुसली. 'जुगार खेळतो काय. उत्तर: होय. खुलासा सोबत जोडला आहे.'

तो खुलासा पुढची तीन पानं चालला होता. आखाजी म्हणजे काय, कोण खेळतं, किती लावतात. उमेदवार इतर दिवशी खेळतो काय हे तेवीस जणांस विचारले, खेळत नाही. मागील आखाजीस सात रुपये जिंकला. पैकी चार रुपयांचे बापाच्या छातीचे औषध आणले, वैद्याकडे खात्री केली. उरलेल्याची जिलबी आणून जे हरले होते त्यांनाच वाटली, हरणाऱ्यांकडे खात्री केली. ती जिलबी मी विसरलोही होतो.

शेवटचं पान साहेबांनी सावकाश वाचलं. ते मी नंतर इतक्यांदा मनात म्हटलं आहे, की आजही अक्षर न अक्षर सांगू शकतो.

'तीन सालांमागील आखाजीस खाली सही करणार हाही सदर डावात बसला होता व नऊ आणे हरला. त्या साली खाली सही करणार याची एकुलती मुलगी इंदू, दिली धुळ्यास, पहिल्या बाळंतपणात मयत झाली होती. आखाजीस गल्लीतील सर्व मुली माहेरी आल्या होत्या. घरात बसवेना म्हणून बाहेर उभा होतो. उमेदवाराने सरकून जागा दिली व पाने वाटली. काही विचारले नाही. दिवे लागेपर्यंत बसलो. पोलीस नोकरीत असता पैसे लावून खेळलो ही गोष्ट वरिष्ठांस कळविली नव्हती. ती आता कळवीत आहे. ज्याने स्वतःचे झाकले त्याने दुसऱ्याचे लिहू नये. उमेदवार विश्वास टाकण्याजोगा आहे. हे खाली सही करणार यास कोणास विचारावे लागले नाही.'

खाली सही होती. सुपडू तोताराम, जमादार.

आम्हाला सगळ्यांना इंदूचं ठाऊक होतं. नाना त्याविषयी कधी बोलत नसत म्हणून आम्हीही बोलत नसू. पण त्या आखाजीला मी सरकून जागा दिली होती, हे मला काही केल्या आठवेना. गर्दीत कुणी आलं तर माणूस सरकतोच की. त्यात काय लक्षात ठेवायचं?

साहेबांनी विचारलं, हा जमादार तुझा कोण? मी म्हटलं, शेजारी. ते म्हणाले, असा माणूस मला इथे मिळाला असता तर कोठारांची अर्धी कुलपं काढून टाकली असती. मग त्यांनी माझ्या कागदावर सही केली.

मी कामावर रुजू झालो आणि पहिल्या पगाराच्या दिवशी आबांनी जिन सोडली. पण तो रिपोर्ट वर जाताना नानांच्या वरिष्ठांच्या टेबलावरूनच गेला होता. नानांचं नाव त्या साली फौजदारकीच्या यादीत होतं. जुगार खेळल्याची स्वतःच्या हातानं कबुली दिल्यावर ते यादीत कशाला राहील? ही बातमी आम्हाला नानांनी दिली नाही. कचेरीतल्या एका कारकुनानं आबांना सांगितली, तीही हसत हसत, असा कसा वेडा माणूस म्हणून. आबा त्याच्यावर इतके चिडले की खोकल्याची उबळ आली.

मी नानांकडे गेलो. शीळ घातल्याबद्दल काय बोलावं ते सुचेना, म्हणून उलट त्यांनाच रागावलो. म्हटलं, तुमच्याविषयी त्या फॉर्मात कुणी विचारलं होतं? ते तेवढं सोडून दिलं असतं तर माझंही भागलं असतं आणि तुमचंही.

नाना टाक पुसत होते. म्हणाले, "भागतं ना. पन तुले जुगारी लिखं, नि मी त्याच सतरंजीवर बठेल व्हतू ते दपाडं, असं कसं चाली?" मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "माले त्या दिन तुना बिगर जागा कोनीच दिधी नव्हती, सदा. बठ्ठा नुसता देखी ऱ्हायंतात."

नाना जमादारच राहिले आणि जमादार म्हणूनच पेन्शनीत गेले. मला पुढे बढत्या मिळाल्या, दाखले मिळाले, साहेबांच्या सह्यांची प्रशस्तिपत्रं मिळाली. ती सगळी एका पत्र्याच्या पेटीत पडली आहेत. कुणी मला विचारलं, तू कसा माणूस आहेस, तर मी अजून मनात नानांची ती शेवटची ओळ म्हणतो आणि मान ताठ करतो. तिला साजेसं वागायला मला उभी नोकरी पुरली नाही.

पुढची आखाजी आली. आमच्याकडे सासरच्या मुलीला आणायला तिचा भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. आदल्या संध्याकाळी आईनं मला नवी टोपी घालायला लावली, हातात सांजोऱ्यांचा डबा दिला आणि म्हणाली, जा, नानांचा मुराळी होऊन जा. नानांचं दार आमच्या दारापासून पंधरा पावलांवर. सगळी गल्ली बघत असताना मी ती पंधरा पावलं चालून गेलो आणि दारात उभा राहून म्हटलं, नाना, तुम्हाला माहेरी न्यायला आलोय.

नानांनी हसावं की रागवावं ते न कळून खिशातून एक कागद काढला. त्यांनी आठ दिवस आधीच वरिष्ठांकडे रीतसर अर्ज केला होता, आखाजीस एक दिवस, एक आण्याच्या मर्यादेत, पत्ते खेळण्यास परवानगी मिळावी. त्यावर लाल शाईत शेरा होता, परवानगी नाही. मी म्हटलं, नुसतं बसायला तर मनाई नाही ना लिहिलेली? त्यांनी कागद पुन्हा वाचला, अगदी मागची बाजूसुद्धा पाहिली, आणि म्हणाले, नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नाना सतरंजीवर माझ्या शेजारी बसले. पानं हातात घेतली नाहीत. समोरच्या लिंबाला झोका होता, माहेरी आलेल्या मुली आणि आमची यमू गाणं म्हणत होत्या. एका कडव्याशी येऊन त्या अडल्या. पुढची ओळ कुणालाच आठवेना, एकमेकींकडे बघून हसू लागल्या. आमचा डाव रंगात आला होता. तेवढ्यात माझ्या शेजारून, घोगऱ्या जमादारी आवाजात, कुणीतरी ती ओळ हळूच म्हटली. पोरी वळून बघायला लागल्या. नाना मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होते.

"आमनी इंदू म्हने," ते म्हणाले.